बायको चौथ्या ओळीत, नवरा नवव्या

चष्मेकाकांच्या दुकानात डोळे तपासायचा जो तक्ता होता, त्यावर सुटी अक्षरं नव्हती, शास्त्रातली वचनं होती. माणूस पाच मिनिटं एक डोळा झाकून भिंतीकडे बघत बसणार, तर त्याला निदान आत्म्याच्या कामाचं काही वाचायला मिळावं, असा त्यांचा सरळ विचार. वरची ओळ वीतभर अक्षरांत, मग खाली खाली बारीक होत शेवटची ओळ इतकी बारीक, की ती रंगवताना पाट्या रंगवणारा दोनदा काम अर्धवट टाकून पळून गेला होता. तक्ता फार देखणा होता. त्यात खोट एकच. काकांची बहुतेक गिऱ्हाइकं त्यांच्याच ख्रिस्ती मंडळीतली, आणि मंडळीला ती वचनं लहानपणापासून तोंडपाठ.

त्यामुळे माणूस स्टुलावर बसायचा, डोळा झाकायचा आणि वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून मोकळा व्हायचा. काका खूश. नजर उत्तम, असं लिहून ते जवळजवळ साध्याच काचा बसवून द्यायचे. अकरा वर्षं हे असं चाललं. अर्धी मंडळी चुकीचे चष्मे लावून फिरत होती, रस्त्यात थांबून दिव्याच्या खांबांना तब्येत विचारत होती, आणि तक्रार मात्र एकानेही केली नाही, कारण चष्मा आपल्याच माणसाने दिलेला. निवृत्त कवायतमास्तरांकडे मंडळीच्या दफनभूमीची व्यवस्था होती. त्यांनी त्या काळात आखलेली सातवी ओळ आजही सरळ निघते आणि मधेच काहीतरी विसरल्यासारखी डावीकडे वळते.

हा घोटाळा उघडकीला आणला तो पुस्तकबांधणीचं काम करणाऱ्या एका विधवा बाईंनी. सुईत दोरा ओवता येईना म्हणून त्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या, डोळा झाकला आणि गप्प राहिल्या. काकांनी वाचा म्हटलं. बाई म्हणाल्या, "मला हे पाठ आहे, पण दिसत नाहीये. तुम्हाला यातलं काय सांगू?"

काकांनी हातातली काच खाली ठेवली. एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात इतका सरळ प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी साधा अक्षरांचा तक्ता आणला, सगळ्या मंडळीला पुन्हा बोलावलं, एकेकाची माफी मागून नवे चष्मे करून दिले, आणि दहा महिन्यांनी त्या बाईंशी लग्न केलं. लग्नाचा विषय कोणी काढला ते विचारू नका. काकांनी काढला नाही, एवढं नक्की. बाईंचं हे तिसरं लग्न होतं आणि काकांचं पहिलं. मंडळीतल्या सगळ्यांनी त्यांना त्या दिवसापासून काकू म्हणायला सुरुवात केली, जणू त्या जन्मापासून चष्मेकाकांच्याच होत्या.

आता काकांचा दुसरा उद्योग सांगायला हवा, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. प्रार्थनामंदिराच्या दाराशी एक लाकडी प्रश्नपेटी होती. शास्त्रातलं काही अडलं, दोन वचनं एकमेकांशी भांडताना दिसली, की माणसाने चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळक पेटी उघडायचे, एक चिठ्ठी मोठ्याने वाचायचे आणि अक्षर कोणी ओळखू नये म्हणून तिथेच तिचे तुकडे करायचे. उत्तर द्यायचं शेवटच्या रविवारी, आणि ते द्यायचं चष्मेकाकांनी. बावीस वर्षं हे काम त्यांच्याकडे होतं. नियम कडक होते. विचारणाऱ्याचं नाव काढायचं नाही, आणि आलेला प्रश्न परत पाठवायचा नाही.

प्रश्न कसले यायचे म्हणता? काइनाला बायको मिळाली कुठून. आदामाला बेंबी होती का. योनाला ओकून टाकल्यावर त्या माशाचं पुढे काय झालं. नोहाने तारवात वाळवीची जोडी घेतली असेल तर ती ठेवली कशात, कारण तारू लाकडाचं. बाप्तिस्मा पूर्ण बुडवून की थोडं पाणी चालेल, यावरून तर एकदा मंडळी दोन बाजूंना बसायला लागली होती, आणि मधल्या वाटेत पाळक एकटेच उभे. काका प्रत्येक प्रश्नाला सारख्याच गांभीर्याने भिडायचे. वाळवीवर त्यांनी पाऊण तास घेतला होता.

त्यांची पद्धत दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली पुठ्ठ्यावर लिहिलेली होती. जे लिहिलंय ते आधी वाच. मग त्याच्या मागचं-पुढचं वाच. आणि जो अर्थ तुला फार आवडला असेल, त्याच्यावर सगळ्यात आधी संशय घे. शास्त्रात जे आहे ते आहे म्हणून सांगायचे, जे नाही ते नाही म्हणून सांगायचे, आणि शेवटी दर वेळी एक वाक्य ठरलेलं: तारण उत्तरांनी होत नाही, ख्रिस्तावरच्या विश्वासाने होतं, तेव्हा घरी जाऊन भांडू नका. लोक घरी जाऊन भांडायचेच, ते सोडा.

या पद्धतीपायी त्यांनी वाईटपणाही घेतला होता. एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं होतं, माझं मांजर मला स्वर्गात भेटेल का. सगळ्यांना ठाऊक होतं प्रश्न कोणाचा, कारण मांजर आठवड्यापूर्वीच गेलं होतं. काकांनी तीन आठवडे शोधलं आणि उभं राहून सांगितलं, की देव भला आहे हे लिहिलंय, मांजराबद्दल लिहिलेलं नाही. आजी ओक्साबोक्शी रडल्या. काकाही घरी जाऊन जेवले नाहीत, पण उत्तर त्यांनी बदललं नाही.

तर, लग्नाला चार वर्षं झाल्यावर, एका महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकांनी चिठ्ठी उघडली आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. प्रश्न असा होता: एका बाईची एकामागून एक तीन लग्नं झाली, मूलबाळ नाही, तर मेलेले उठतील तेव्हा ती कोणाची बायको?

मंडळीत बायका शंभरच्या वर होत्या. तीन लग्नं झालेली एकच. एकशे साठ माना एकदम काकूंकडे वळल्या आणि मग, जरा लाज वाटून, छताकडे. काकू गीतपुस्तकाची सुटलेली शिवण बघत होत्या. काकांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठीच्या तुकड्यांकडे आशेने बघितलं, पण पाळकांनी नेहमीपेक्षा जास्तच बारीक तुकडे केले होते.

तुम्ही म्हणाल, यात अवघड काय, हाच प्रश्न सदूकी पंथाच्या लोकांनी येशूला विचारला होता, एकामागून एक सात भावांची बायको झालेल्या बाईबद्दल, आणि उत्तरही तिथेच आहे. बरोबर. काकांना ते उत्तर दिव्याच्या खांबाइतकं स्पष्ट दिसत होतं. तेच तर दुखणं होतं. ते उत्तर त्यांना नको होतं. त्रेसष्ट-चौसष्ट वर्षांच्या माणसाला चार वर्षांपूर्वी कोणीतरी मिळालं होतं, जिच्याशी तो सकाळी चहा पिताना बोलू शकत होता, आणि हे फक्त मरेपर्यंतचं आहे हे त्याने उठून एकशे साठ माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं.

त्याच आठवड्यात कवायतमास्तर दुकानात आले. बगलेत दफनभूमीचा नकाशा. काकांची खात्रीच पटली की प्रश्न यांनीच टाकला असणार. मास्तरांना माणसं मेलेली असोत की जिवंत, ओळीत लागत. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि पट्टीने दाखवलं. चौथी ओळ, अकरा नंबर, काकूंचे पहिले यजमान. चौथी ओळ, तेरा नंबर, दुसरे यजमान. मधला बारा नंबर काकूंसाठी कधीचाच राखलेला.

"आणि मी?" काकांनी विचारलं.

मास्तरांची पट्टी नकाशावरून खाली, खाली, आणखी खाली सरकली. नववी ओळ, भिंतीलगत, नळापाशी. त्यांनी समजावून सांगितलं, की जागा वाईट नाही, सावली असते. अगदीच जवळ हवं असेल तर चौथ्या ओळीत चौदा नंबर रिकामा आहे, पण तिथे काका काकूंच्या शेजारी येणार नाहीत, दुसऱ्या यजमानांच्या शेजारी येतील. चालणार असेल तर महिनाअखेरीच्या आत सांगा, कागदावर सही लागेल. मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चौदा नंबरबद्दल दोनदा विचारलं, आणि दुसरे यजमान स्वभावाने शांत होते असंही सांगितलं.

काकांनी विचार करतो म्हटलं आणि दुकान लवकर बंद करून दफनभूमीत गेले. चौथी ओळ ते नववी ओळ, पावलं मोजली, एक्कावन्न भरली. मग त्यांना वाटलं, नुसती पावलं मोजून काय कळणार. शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल, सगळे एकदम उठतील. काकू उठतील, डावीकडे बघतील तर एक ओळखीचा चेहरा, उजवीकडे बघतील तर दुसरा. गप्पा सुरू होतील. एवढ्या वर्षांनी भेटल्यावर माणसं बोलणारच. आणि आपण मागे, मधे चार ओळींची गर्दी, त्यातली एक वाकडी. आपण उठल्यावर आपल्याला त्या दिसतील तरी का?

हे पडताळून बघायचं म्हणून चष्मेकाका नवव्या ओळीत, भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत, कोट घालून उताणे झोपले. हात छातीवर घेतले, डोळे मिटले, मनातल्या मनात तुतारी वाजवली आणि ताडकन उठून बसले. असं त्यांनी तीनदा केलं. तिसऱ्या वेळी उठले तर समोर पाळक उभे होते, हातात झारी घेऊन.

"काय करताय?" पाळकांनी विचारलं.

"दिसतं का ते बघतोय."

"मग, काय दिसलं?"

"नळ," काका म्हणाले.

पाळक त्यांच्या शेजारी गवतात बसले. तरुण होते, पण समजूतदार होते. त्यांनी हळूच सांगितलं, की काका, सगळ्या मंडळीला तुमची काळजी लागली आहे. या प्रश्नावर तुम्ही थोडं मवाळ बोललात तर कोणी उठून शास्त्र दाखवणार नाही. मोठमोठ्या विद्वानांनी यातून पळवाटा काढल्या आहेत, हवं तर मी पुस्तकं देतो. काकांनी कपडे झटकले आणि पुस्तकं घेतली. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण हात आधीच पुढे झाला होता.

पुढचे दोन आठवडे काका दुकानात काचा घासत आणि गिऱ्हाईक गेलं की कागद काढत. चौदा पानं लिहून झाली. पहिला मुद्दा असा, की येशू म्हणतो तिथे लग्नं होत नाहीत, म्हणजे नवीन होत नसतील. झालेली मोडतात असं कुठे म्हटलंय? मुद्दा फार झकास होता. काका त्यावर दीड दिवस सुखात राहिले. मग लक्षात आलं, की झालेली टिकत असतील तर तीनही टिकणार. आणि सदूकींच्या गोष्टीतली बाई तर नेमकी झालेल्या लग्नांचीच होती. मागचं-पुढचं वाचल्यावर झकास मुद्दा फुग्यासारखा बसला.

दुसरा मुद्दा, शेवटचं लग्न ग्राह्य धरावं. मृत्युपत्रात नाही का, शेवटचं तेच खरं. याला शास्त्रात आधार शोधता शोधता त्यांनी एक वही संपवली आणि आधार सापडला नाही. तिसरा मुद्दा वर्षांचा. ज्याच्याबरोबर बाई जास्त वर्षं राहिली, त्याचा हक्क मोठा. पहिले यजमान सहा वर्षं, दुसरे सतरा, आपण चार. म्हणजे दुसऱ्यांना मागे टाकायचं तर अजून किमान चौदा वर्षं जगायला हवं. काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता उठून चालायला सुरुवात केली. साखर सोडली. जिने चढताना दोन-दोन पायऱ्या घ्यायला लागले. काकूंनी विचारलं, हे काय नवीन? काका म्हणाले, प्रकृतीला बरं. चौथ्या दिवशी गुडघा सुजला आणि शर्यत तिथेच थांबली. दुसरे यजमान सतरा वर्षांवर निवांत पुढे राहिले.

घरात त्या दोघांचे फोटो होते, जेवणाच्या खोलीत, खिडकीच्या दोन बाजूंना. लग्नानंतर काकूंनी ते काढायला घेतले होते, तर काकांनीच म्हटलं होतं, राहू देत, त्यांच्या घरात मी आलोय. दर शनिवारी काच पुसायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं होतं, काचेचा माणूस म्हणून. आता मात्र काका फोटो पुसताना त्यांची नजर चुकवू लागले. पहिल्यांच्या चेहऱ्यावर मिशी होती आणि जरा घाई. दुसरे खरंच शांत दिसत होते. चौदा नंबर घ्यावा का, असं क्षणभर त्यांच्या मनात आलंही.

प्रश्नाचा विषय घरात निघाला नाही. काकू पुस्तकं शिवत राहिल्या, दोरा मेणावरून ओढत राहिल्या, आणि काकांना वाटत राहिलं की बिचारीला चारचौघांत लाजवलं, आणि वरून नवराच उभा राहून निकाल देणार. त्यांनी एकदा जेवताना नुसतं विचारलं, तुला उत्तराची काळजी वाटते का? काकू म्हणाल्या, वाटते. आणि उठून भांडी घासायला गेल्या.

शेवटच्या शनिवारी दुकानात मांजरवाल्या आजी आल्या, चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून. काकांनी स्क्रू आवळला. आजी जाता जाता दाराशी वळून म्हणाल्या, की तू त्या दिवशी मला खोटं सांगितलं असतंस तर मी किती खूश झाले असते. मग म्हणाल्या, पण त्यानंतर तू काहीही सांगितलं असतंस तर ते खरं की माझ्या समाधानासाठी, ते मला कसं कळलं असतं? एवढं बोलून आजी गेल्या. बरोबर नंबरच्या चष्म्यामुळे पायऱ्या नीट उतरत गेल्या. काकांनी चौदा पानं ड्रॉवरमधून काढली, पुठ्ठ्यावरची तिसरी ओळ वाचली, पानं पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मनापासून वैतागले. नियम स्वतःच लिहिलेला असला की राग काढायलाही कोणी मिळत नाही.

रविवारी प्रार्थनामंदिर खच्चून भरलं. आजारी म्हणून महिनाभर न आलेले लोकसुद्धा पहिल्या बाकांवर. काका उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात एकही कागद नव्हता. त्यांनी सात भावांची गोष्ट सांगितली, सदूकी लोक पुनरुत्थानच मानत नव्हते आणि येशूला पेचात धरायला आले होते हे सांगितलं. येशूने त्यांना उत्तर दिलं, की तुम्ही शास्त्र ओळखत नाही आणि देवाचं सामर्थ्यही. उठलेले लोक लग्न करत नाहीत आणि लग्न करून देत नाहीत, देवदूतांसारखे असतात. काका घोटभर पाणी प्यायले.

"तर बाई कोणाची?" ते म्हणाले. "कोणाचीच नाही. पहिल्याची नाही, दुसऱ्याची नाही, तिसऱ्याचीही नाही. मला याहून वेगळं काही सापडावं म्हणून मी चौदा पानं लिहिली. ती सगळी माझ्या आवडीची होती, शास्त्राची नव्हती. तिथे काय असेल ते आपण कल्पू शकतो त्याहून चांगलं असेल असा माझा विश्वास आहे. पण आज मला ते चांगलं वाटत नाहीये, हेही सांगतो, नाहीतर तेवढं खोटं होईल."

ठरलेलं शेवटचं वाक्य ते विसरले आणि खाली बसले. कवायतमास्तर नाक शिंकरत होते. पाळकांनी घाईघाईने गीताचा नंबर सांगितला, तो चुकीचा सांगितला, आणि सगळ्यांनी तेच गीत म्हटलं.

घर जवळ होतं, दोघं चालत निघाले. काकांचा गुडघा अजून दुखत होता म्हणून सावकाश. शिंप्याच्या बंद दुकानाशी आल्यावर काकू म्हणाल्या, "चिठ्ठी मी टाकली होती."

काका रस्त्यातच थांबले. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तेव्हा काकूंनी त्यांना दंडाला धरून कडेला घेतलं.

"मला घरात विचारायचंस," काका म्हणाले.

"घरात विचारलं असतं तर मला बरं वाटेल ते सांगितलं असतंत. तिथे उभं राहिल्यावर तुमच्याच्याने खोटं बोलवत नाही."

"आणि तुला कोणतं उत्तर हवं होतं?"

"तुम्ही दिलंत तेच."

महिनाभर ज्याला भीत होते ते उत्तर काकांनी दिलं होतं, आणि ते त्यांच्या बायकोला हवंच होतं. त्यांना एकदम फार म्हातारं वाटलं. दहा-बारा पावलं ते तसेच चालले, आणि काकू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत चालल्या.

"तुम्ही इतकं बारकाईने वाचता," काकू म्हणाल्या, "आणि त्यातलं अर्धं तसंच सोडून देता. लग्न करत नाहीत, एवढंच नाही म्हटलेलं. लग्न करून देतही नाहीत. मला एकोणिसाव्या वर्षी बाबांनी दिली. सत्ताविसाव्या वर्षी दादाने दिली. दोघंही चांगले होते, मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, दोघांसाठीही मी रडले आहे. पण मला कोणी विचारलं नव्हतं. आणि मास्तरांच्या नकाशातही माझी जागा दोघांच्या मधे, कधीची ठरवलेली. महिना-दोन महिने मला झोप नव्हती. म्हटलं, तिथेही कोणी उचलून कोणाच्या तरी ओळीत बसवणार असेल तर आत्ताच कळू दे."

काका आणखी सावकाश चालू लागले.

"तिथे देणारं कोणी नाही असं तुम्ही आज सगळ्यांसमोर सांगितलंत," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी कोणाची बायको नाही. ठीक आहे. पण चालता तर येईल मला. मी उठेन, डावीकडच्यांना नमस्कार करीन, उजवीकडच्यांना नमस्कार करीन, आणि पाच ओळी चालत मागे येईन. तुम्ही मात्र भिंतीपाशीच थांबा. उगाच मला शोधायला निघालात तर त्या गर्दीत चुकामूक होईल."

काकांनी चष्मा काढला. तो पुसायचा होता म्हणून नव्हे. रस्त्यात, दिवसाढवळ्या, शिंप्याच्या दुकानापुढे ते रडले, आणि काकूंनी त्यांना घाई केली नाही.

सोमवारी सकाळी कवायतमास्तर नकाशा आणि कागद घेऊन दुकानात हजर झाले. रात्रभर विचार करून त्यांनी एक तोड काढली होती. समितीत बोलून चौदा नंबर काकांसाठी पक्का करता येईल, आणि दुसऱ्या यजमानांच्या बाजूला एक छोटंसं झाड लावता येईल, म्हणजे अवघडल्यासारखं वाटणार नाही. इतकी सवलत मास्तरांनी आजवर कोणाला दिली नव्हती. काकांनी त्यांचे मनापासून आभार मानले, पेन मागितलं आणि नवव्या ओळीपुढे सही केली.

"अहो, एक्कावन्न पावलं लांब पडेल," मास्तर म्हणाले.

"पडू दे," काका म्हणाले. "मला तिथेच थांबायला सांगितलंय."